दिघीचा तांडेल आणि यॉटमास्टरचा कागद

दिघीच्या बंदरात पूर्वी मचवा कुणाच्या हाती द्यायचा हे ठरवताना नाखवा कागद मागत नसे. तो दोनच गोष्टी विचारी: कुणाच्या हाताखाली शिकलास, आणि कुठवर जाऊन आलास. पहिल्याचं उत्तर एखाद्या तांडेलाचं नाव, दुसऱ्याचं एखादं बंदर. तेवढ्यावर सुपारीची पोती, नारळ, लग्नाला निघालेलं वऱ्हाड आणि वेळ आली तर पोटचा पोर तो त्या माणसाच्या हवाली करी. आज शिडाच्या होडीच्या परवान्याचा अर्ज समोर घेतला की त्यात रकाने दिसतात. समुद्रावरचे दिवस किती, मैल किती, रात्रीचे तास किती, त्यातले भरती-ओहोटीच्या पाण्यातले किती. पहिल्यांदा वाचताना मला हसू आलं. मग लक्षात आलं, हे तर नाखव्याचेच प्रश्न आहेत. फरक इतकाच की विचारणारा आपल्याला ओळखत नाही.

मी बोर्ली पंचतनचा. आमच्या दारात समुद्र नाही. वाळू दिवेआगरची, मासळी भरडखोलची, खाडी दिघीची, आणि बोर्लीचा बाजार. पण चहूबाजूंचा माणूस बाजाराला बोर्लीतच यायचा, त्यामुळे समुद्राची बातमी आम्हाला बांगड्यांच्या टोपलीबरोबर घरपोच मिळायची. जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन झालं, तरी माझ्या लहानपणी म्हातारी माणसं या भागाला हबसाणच म्हणत. मोहल्ल्यातल्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी ‘जहाजावर’ असे. ते लोक दोन-दोन वर्षांनी येत, येताना रेडिओ, घड्याळं आणि परदेशी साबणाचा वास आणत. त्यांच्याकडे मात्र कागद होता. सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, जुन्या खलाशांच्या तोंडची ‘नळी’. ती कपाटात सोन्याशेजारी ठेवलेली असे. बोटीच्या कंपनीत नोकरी म्हणजे कागद, हे आम्हाला ठाऊक होतं. आपल्या खाडीत, आपल्या मचव्यावर कागद कशाला, हा प्रश्न मात्र कुणाच्या डोक्यात येत नसे.

कायद्याच्या डोक्यात तो होता, हे पुढे कळलं. १९१७च्या अंतर्गत जलवाहतूक कायद्यात मास्टर आणि सारंग यांच्या प्रमाणपत्रांची सोय होती, आणि १९५८च्या मर्चंट शिपिंग कायद्यात ‘टिंडल’ची चक्क व्याख्या होती: शिडाचं जहाज ज्याच्या ताब्यात आहे तो माणूस. दिल्लीत बसून कुणीतरी आमच्या तांडेलाची नोंद घेतली होती. तांडेलाला त्याचा पत्ता नव्हता.

मला पाणी दाखवलं ते शेजारच्या चाचांनी. उमेदीत ते सुपारी-नारळ घेऊन मुंबईला मचवा नेत. पुढे माल एसटीच्या टपावर आणि ट्रकांत चढला, मचवे किनाऱ्याला लागले, आणि चाचांकडे एक लहान होडी तेवढी उरली. मे महिन्याच्या सुटीत आम्ही पोरं त्यांच्या मागे लागायचो. पहिल्या वर्षी सुकाणूला हात लावायचा नाही. पाणी उपसायचं, दोर गुंडाळायचा, नांगराला लागलेला चिखल धुवायचा. दुसऱ्या वर्षी शीड. तेही नुसतं ओढायचं नाही, परबाण कुठल्या बाजूला न्यायचं, कधी न्यायचं, वारा मानेवर कुठे लागतोय हे आधी सांगायचं. ते विचारत, आम्ही उत्तर द्यायचो, आणि चुकलं तर ते काही बोलत नसत. होडीच बोलायची.

भरतीचं त्यांचं गणित अजून माझ्या जिभेवर आहे. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पुनवेला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी आळशी. पुनव-अवसेला उधाण, पाणी धावरं. घरात कालनिर्णय लावायचं कारण आईला एकादशी कळावी म्हणून, आणि मला राजपुरीच्या, म्हणजे आमच्या दिघीच्याच, खाडीचं तोंड किती वाजता सोपं होईल ते कळावं म्हणून. आता हीच गोष्ट परीक्षेत बाराव्या हिश्श्याच्या नियमाने विचारतात: सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक भाग चढतं. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचा नकाशा घ्यायचा, भरतीचा तक्ता घ्यायचा, मुख्य बंदराच्या वेळेवरून लहान बंदराची वेळ काढायची, कीलखाली किती पाणी राहील ते दशांशात लिहायचं. चाचांचं गणित पाऊण तास इकडेतिकडे व्हायचं आणि ते त्यांना माहीत असायचं. म्हणून ते नेहमी पाऊण तास आधी निघत. दशांशात उत्तर काढणारा माणूस वेळेवर निघतो. यातलं जास्त सुरक्षित काय, यावर मी पैज लावणार नाही.

त्यांनी माझी परीक्षा घेतली ती न सांगता. उतरत्या ओहोटीची दुपार, वायव्येचा वारा चढलेला. राजपुरीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर पळतं आणि वारा त्याला आत रेटतो, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या होतात. जंजिऱ्याच्या तटाखाली तर पाणी नुसतं उकळतं. आम्ही बाहेरून परत येत होतो. चाचांनी टोपी तोंडावर घेतली, नाळेशी आडवे झाले आणि म्हणाले, “दिघीला लागलो की उठव.” झोपले नव्हते, हे मला आज कळतं. दक्षिणेच्या किनाऱ्याला फार चिकटलो तर खडक, मधे राहिलो तर ओहोटी सगळा वेग खाते. मी किनाऱ्याकडे सरकत, पुन्हा बाहेर येत, दोन माडांची आणि मागच्या टेकडीवरच्या झाडाची ओळ धरत आलो. दिघीला लागल्यावर ते उठले, धोतर झटकलं, आणि पुढच्या खेपेला कोण कोण येणार एवढंच विचारलं. निकाल असा लागे.

ती ओळ आता नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यातच जमिनीवर चढलं आणि सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. वाडीवाल्यांचं नुकसान सगळ्यांनी लिहिलं, पंचनामे झाले. समुद्रावरून ज्या झाडांच्या जोड्या पाहून लोक आत शिरत त्यांचा पंचनामा कोण करणार? त्यांची नोंद कुठल्याच नकाशात नव्हती. दिघीत आता मोठ्या जहाजांचं बंदर आहे, रंगीत बोया आहेत, पलीकडच्या आगरदांड्याला गाड्या भरून नेणारी फेरीबोट आहे, आणि फोनवर नेव्हिऑनिक्स उघडलं की आपण जिथे आहोत तिथे बाण दिसतो. दोन वस्तू एका रेषेत आणून वाट धरायची युक्ती परीक्षेच्या पुस्तकात मात्र मानाने छापली आहे. शिकवणारा ती सांगतो तेव्हा नव्यानेच शोधल्यासारखी सांगतो.

आमच्या किनाऱ्यावर कागद आला तो परीक्षेच्या वाटेने आला नाही. १९९३च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडी या नावांना जे चिकटलं, ते बोर्लीच्या माणसाला अजून परगावी ऐकावं लागतं. शस्त्रं आणि स्फोटकं इथे उतरली, १२ मार्चला मुंबई हादरली. पंधरा वर्षांनी २६ नोव्हेंबरचे हल्लेखोर ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट बळकावून आले, आणि मग सगळ्याच किनाऱ्याला नोंदणी, होडीचा रंग, नंबर, खलाशाचं ओळखपत्र, उतरायच्या जागेवर पहारा. त्याआधी होडी कुणाची हे शिडाच्या ठिगळावरून कळत असे. आता तुम्ही कोण हे दाखवावं लागतं. त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही. पण हा कागद माणूस कोण ते सांगतो, त्याला होडी येते का ते सांगत नाही. ते वेगळं प्रकरण आहे, आणि माझं घोडं तिथेच अडलं.

नोकरीची वर्षं मुंबईत गेली. तिथे बंदरात शिडाच्या होड्यांचे क्लब आहेत, त्यातला रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६चा. १९८२च्या आशियाई खेळांच्या शिडाच्या शर्यती मुंबईतच झाल्या, फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्ण घेतलं, आणि आमच्यासारख्या कारकुनी करणाऱ्यांनाही रविवारी कुणाच्या तरी होडीत चौथा माणूस म्हणून जागा मिळू लागली. मांडवा, रेवस, कान्होजी आंग्रे दीपस्तंभ, कोर्लईचा दिवा पाहत रात्रीचं मुरूड, आणि हिवाळ्यात रजा टाकून गोवा. होडी दुसऱ्याची, हौस आपली. आपण बरे खलाशी आहोत असं आम्हाला सगळ्यांनाच वाटत असे, आणि ते खोटं होतं असंही नाही.

मग शिकागोच्या भाचीचा फोन आला. “मामा, क्रोएशियाला आठवडाभर होडी भाड्याने घेतोय. तू आहेस म्हणून तर धाडस करतोय. तुझं लायसन्स पाठवून दे.” माझ्याकडे काय होतं? सेलिंग क्लबचं जुनं ओळखपत्र आणि चाचा. क्रोएशियात भाड्याच्या होडीच्या कप्तानाला होडीचा आणि रेडिओचा, दोन्ही कागद दाखवावे लागतात. ग्रीसमध्ये कप्तानाबरोबर दुसरा जाणता माणूसही दाखवावा लागतो. गंमत म्हणजे ज्या ब्रिटनचे कागद जगभर चालतात, त्या ब्रिटनमध्ये आपली होडी आपण हौसेने चालवायला कुठलंच प्रमाणपत्र सक्तीचं नाही. तिथे अजून नाखव्याचाच कारभार आहे म्हणायचा.

भाचीकडे मात्र कागद होता. अमेरिकन सेलिंग असोसिएशनच्या १०१, १०३, १०४ अशा पायऱ्या तिने मिशिगन सरोवरात चढल्या होत्या आणि त्यावर बाहेरदेशी चालणारं प्रमाणपत्रही मिळवलं होतं. शेवटी त्या सफरीची कप्तान ती झाली आणि मी नांगरवाला. मिशिगनमध्ये भरती-ओहोटी नाही म्हणावी इतकी कमी, क्रोएशियाच्या समुद्रातही फार नाही, त्यामुळे तिचं काही अडलं नाही. ती नेमकेपणाने आज्ञा देते, दोराची प्रत्येक हालचाल आधी बोलते, लाइफजॅकेट घातल्याशिवाय कुणाला डेकवर येऊ देत नाही. चाचांच्या होडीत मुलींना सुकाणूच काय, पाणी उपसायलाही घेत नसत. त्या फक्त उतारू. आणि २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा जणी ‘तारिणी’ घेऊन गोव्याहून पृथ्वीला फेरी मारून परत आल्या. २०२४-२५ मध्ये त्याच बोटीतून दिलना आणि रूपा या दोघींनीच ती फेरी केली. जुन्या दिवसांचं मी जे काही कौतुक करतो, त्यातून ही गोष्ट वजा करूनच करतो.

परत आल्यावर मी अर्ज चाळू लागलो. माझ्यासारख्या, म्हणजे होडी येते पण पुरावा नाही अशा माणसासमोर नक्की काय काय पर्याय आहेत, ते थोडक्यात सांगतो. कारण चौकशी करताना जो तो आपल्याच दुकानाचं सांगतो.

यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया १९६० पासूनची, तिचा जीव शर्यतींत. शर्यत खेळायची तर तिचं दार ठोठवावं. भाड्याने होडी घेऊन फिरायचं तर बहुतेक लोक ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या, म्हणजे आरवायएच्या शिडीकडे येतात. खालून पहिली महत्त्वाची पायरी कॉम्पिटंट क्रू, मग डे स्किपर. हे दोन्ही पाच-पाच दिवसांचे वर्ग. शेवटी शिक्षक सही करतो, बाहेरचा परीक्षक येत नाही. डे स्किपरच्या जोरावर आयसीसी, म्हणजे युरोपात चालणारं सक्षमतेचं प्रमाणपत्र मागता येतं. थेट चाचणी देऊनही मिळतं, मात्र ते कुणाला द्यायचं याला नागरिकत्वाच्या अटी आहेत, पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं. भूमध्य समुद्रात आठवडाभराची सुटी एवढाच हेतू असेल तर इथेच थांबा. पुढचं वाचायची गरज नाही.

पण अनुभवी माणसाची अडचण वेगळी असते. त्याला पाच दिवस ‘ही नाळ, ही पिछाडी’ ऐकत बसवत नाही. आणि त्याहून खरं कारण असं की आपल्याला खरंच येतं का, हे त्याला कुणा परक्याकडून ऐकायचं असतं. मित्र खरं सांगत नाहीत. रविवारच्या होडीवर सगळेच एकमेकांचे चाचा. अशा माणसासाठी यॉटमास्टर कोस्टल आणि यॉटमास्टर ऑफशोर या दोन परीक्षा आहेत, आणि त्यांची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे त्या वर्ग न करता थेट देता येतात. थिअरीचं प्रमाणपत्रही मागत नाहीत. पाण्यावरचा हिशेब मागतात. कोस्टलसाठी तीस दिवस समुद्रावर, त्यातले दोन कप्तान म्हणून, आठशे सागरी मैल, बारा तास रात्रीचे. ऑफशोरसाठी पन्नास दिवस, त्यातले पाच कप्तान म्हणून, अडीच हजार मैल, आणि साठ मैलांवरच्या किमान पाच सफरी. त्यातल्या दोन रात्र ओलांडून, दोन स्वतः कप्तान होऊन. दोन्हीकडे निम्मं पाणी भरती-ओहोटीचं हवं. शिवाय रेडिओ आणि प्रथमोपचाराचे दाखले.

हे आकडे वाचून मी नकाशा काढून बसलो, आणि आमचा किनारा मला पहिल्यांदा परीक्षकाच्या नजरेने दिसला. मुंबई ते दिघी साधारण चाळीस सागरी मैल. म्हणजे चाचांची सुपारीची सफर साठाच्या अटीत बसत नाही! हर्णै बसतं. रत्नागिरी दुपटीने बसतं. गोवा तर दोनशेच्या वर. भरतीच्या पाण्याचं विचाराल तर इथे दुसरं पाणीच नाही; राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, प्रत्येक खाडीचं तोंड स्वतंत्र स्वभावाचं. परीक्षेला लागणारी सगळी सामग्री कोकणात फुकट पडली आहे. नाही ती फक्त लिहिलेली वही. आम्ही इतकी वर्षं फिरलो आणि कुणीही लिहून ठेवलं नाही, कारण लिहायचं कुणासाठी?

यॉटमास्टरची परीक्षा कशी असते ते मी जवळून पाहिलं. इंग्लंडात स्थायिक झालेल्या एका मित्राने साउदम्प्टनजवळ, सोलंटमध्ये ती दिली, आणि मी त्याचा खलाशी म्हणून होतो. परीक्षक वर्ग घेणाऱ्या शिक्षकापेक्षा वेगळा असतो, आणि ऑफशोरला एकटा उमेदवार असेल तर आठ ते बारा तास चालतं. आमचा परीक्षक शांत गृहस्थ होता. चहा घेतला, कोपऱ्यात बसला, आणि दिवसभरात जेमतेम बोलला. मधेच फेंडर पाण्यात फेकून “हा माणूस बुडाला” म्हणाला, आणि शिडावरच परत आणायला लावला. मधेच मित्राला खाली केबिनमध्ये बसवून, बाहेर न बघता, फक्त खोली, वेग आणि घड्याळावर बोयापर्यंत न्यायला सांगितलं. मला टोपी तोंडावर घेतलेले चाचाच आठवले. पद्धत तीच, गप्प राहायचं आणि पाहायचं. साउदम्प्टनला मात्र भरती झाल्यावर पाणी थोडं उतरून पुन्हा चढतं. तिथे तिथीची पाऊणपट करून चाचा फसले असते.

मित्राला सगळ्यात जड गेलं ते बोलणं. हात बरोबर चालत होते, पण परीक्षक ‘का’ विचारी. का वळवलीस, का शीड कमी केलंस, तो समोरचा लाल आणि पांढरा दिवा काय सांगतो. वर लाल, खाली पांढरा म्हणजे मासेमारी करणारी बोट. वर हिरवा, खाली पांढरा म्हणजे ट्रॉलर. समुद्रातली टक्कर टाळण्याच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांत सगळं आहे. रेवदंड्याबाहेर रात्री मासेमारीच्या होड्यांवर निळे-जांभळे एलईडी लुकलुकतात, ते कुठल्याच नियमात नाहीत, पण तो मुद्दा परीक्षकापुढे चालत नाही. अनुभवी माणूस नापास होतो तो बहुधा इथे. जाळ्याचा दोर कुठवर गेला असेल ते त्याला कळतं, नियमाचा क्रमांक आठवत नाही, आणि खलाशांना मोठ्याने सांगून काम करवून घ्यायची सवय नसते. चाचा तर बोलायचेच नाहीत. आज ते परीक्षेला बसले असते तर सुकाणूत पैकीच्या पैकी, आणि ‘उतारूंना सुरक्षिततेची माहिती दिली का’ या रकान्यात भोपळा.

आणि तो भोपळा योग्यच म्हणावा लागेल. त्या होडीत एकही लाइफजॅकेट नव्हतं. आम्ही पोहता येणारी पोरं म्हणून भागलं. जुन्या समुद्राची गोडी सांगणाऱ्याने १७ जुलै १९४७ विसरू नये. भर पावसाळ्यात, अवसेच्या दिवशी, ‘रामदास’ ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली, त्यात आपल्या जिल्ह्याची फार. ती काही गावठी होडी नव्हती, परदेशी कारखान्यात बांधलेली कंपनीची आगबोट होती. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका त्यानंतर कित्येक वर्षं आगबोटीला हात जोडत आणि मगच चढत. नारळी पौर्णिमेआधी समुद्रात जायचं नाही ही जुनी शिस्त, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद हा आजचा नियम; पहिली पाळायला माणसाची लाज लागायची, दुसरा पाळायला पहारा लागतो, पण दोन्हींच्या मागचा जुलै तोच आहे.

मोठ्या नावांकडे पाहिलं तरी मला चाचांचीच शाळा दिसते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ज्या ‘सुहेली’तून १९६८-६९ मध्ये एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा पहिला विक्रम ३१२ दिवसांत केला, ती सागवानी होडी मुंबईत, इथल्याच सुतारांनी बांधलेली. पुढे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीयाने एकट्याने जगाला फेरी मारावी म्हणून ध्यास घेतला, आणि कॅप्टन दिलीप दोंदे तयार झाले. त्यांनी काय केलं? नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन त्यांच्या बोटीच्या तयारीत हात घातला. म्हणजे जाणत्याच्या होडीवर आधी दोर गुंडाळला. मग गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली जात असताना तिच्याजवळ राहिले, आणि १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून पुढच्या मे महिन्यात एकट्याने जगाला फेरी मारून परत आले. कुणाच्या हाताखाली शिकलास, कुठवर जाऊन आलास: दोन्हींची उत्तरं त्यांच्याजवळ होती.

तेव्हा माझा कौल असा. पैसे घेऊन माणसं न्यायची असतील तर हौशी कागद पुरत नाही. त्याला सरकारी परवाना हवा, आणि परदेशात त्याच यॉटमास्टरवर वैद्यकीय तपासणी आणि जीवरक्षणाचा वर्ग करून व्यावसायिक शिक्का घ्यावा लागतो. फक्त भाड्याच्या होडीसाठी आयसीसी किंवा डे स्किपर पुरे, वरचं घेऊन मिरवू नये. पण जो पंधरा-वीस वर्षं आपल्या किनाऱ्यावर फिरला आहे त्याने खालच्या वर्गांत वेळ आणि पैसा घालू नये. तयारीचे दोन-तीन दिवस एखाद्या कडक शिक्षकाबरोबर काढावेत, दिवे आणि नियम पाठ करावेत, मोठ्याने आज्ञा द्यायला शिकावं, आणि थेट यॉटमास्टर कोस्टलला बसावं. ऑफशोर नंतर. साठ मैलांच्या पाच सफरी आपल्याकडे हिवाळ्याच्या दोन हंगामांत सहज होतात, हर्णै आणि रत्नागिरी कुठे पळून जात नाहीत.

महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाला एक विनंतीही करून ठेवतो. हौशी शिडवाल्यांसाठी मराठीतून तोंडी परीक्षा घेणारा एक कागद काढावा, तो दिघी, हर्णै, मालवण अशा बंदरांत पाण्यावर घ्यावा, आणि परीक्षकाच्या शेजारी त्या खाडीचा एक तांडेल बसवावा. प्रश्न त्याने विचारावेत, रकाने बोर्डाने भरावेत. अजून असे तांडेल आहेत. आणखी दहा वर्षांनी किती असतील ते सांगण्याची गरज नाही.

आणि तुम्ही शिडाची हौस करणारे असाल तर पुढच्या फेरीपासून वही घाला. तारीख, होडी, तिची लांबी, कुठून कुठे, मैल, रात्रीचे तास, कप्तान कोण, आणि त्याची सही. जुन्या फेऱ्या आठवून लिहायला बसू नका. परीक्षेआधीच्या दहा वर्षांपलीकडचे मैल धरतच नाहीत.